गोळीच्या कागदातली बर्फी

ता. ४, सोमवार

ती. ताईस सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. सणाची शिलाई अंगावर आली आहे. बाबा कापतात, मी शिवतो, आई काजं-बटणं करते. दुकानात पाय ठेवायला जागा नाही.

पण माझं मन थाऱ्यावर नाही. बाबांना इन्शुलिनची सुई सुरू झाल्यापासून मी सारखा त्यांच्याकडे बघत असतो, आणि मी बघतो म्हणून ते चिडतात. काकांचा पाय कापावा लागला ते मला विसरता येत नाही. त्यांचं पायाच्या बोटावरच्या एका साध्या फोडापासूनच सुरू झालं होतं. परवा बाबांच्या अंगठ्याला शिलाईची सुई लागली, तर मी दिवसभर तो अंगठाच बघत बसलो. बाबा म्हणाले की मी त्यांचा मुलगा आहे की फौजदार ते एकदा ठरवून सांगावं, म्हणजे त्यांना तसं वागता येईल. हल्ली ते मध्येच गप्प होतात, कपाळावर घाम येतो. विचारलं तर म्हणतात, इस्त्रीजवळ उभा राहून बघ, तुलाही येईल.

आता सणात घरोघरचे डबे येणार आणि बाबांचा हात काही थांबायचा नाही. म्हणून मी ठरवलं आहे की साखर न घालता मिठाई घरीच करायची. घरची मनसोक्त खाल्ली की दुसऱ्याच्या डब्याकडे बघणार नाहीत. तू वसतिगृहाचा स्वयंपाक सांभाळतेस, तुला यातलं कळतं. कृती मापासकट लिही. 'अंदाजाने' असं कुठेही लिहू नकोस, अंदाज मला जमत नाही.

आई तुझी आठवण काढते. मीही काढतो, पण मी काढलेली मोजत नाहीत.

तुझा धाकटा भाऊ

ता. ९, शनिवार

चि. मापाड्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

बाबांनी तुझं हे नाव ठेवलं तेव्हा तू रडला होतास, पण नाव चुकलं नाही हे तुझं पत्र वाचून पुन्हा पटलं. सोबत गोडीची भुकटी पाठवते आहे. हिच्यात साखर नाही, रक्तातली साखर हिने वाढत नाही. बदामाचं पीठ दोन वाट्या, दुधाची पावडर एक वाटी, दूध अर्धी वाटी, तूप तीन चमचे. मंद आचेवर गोळा कढई सोडेपर्यंत परतायचं. भुकटी मात्र गॅस बंद केल्यावरच घालायची. साखर नसली की पाक नाही, आणि पाक नाही म्हणजे वडी धरायला कुरकुर करते. तेव्हा ताट दाबून ठेव आणि दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघू नकोस.

आणि जरा श्वास घे. घरात भीती इतकी साठवू नये, ती सगळ्यांच्या ताटात उतरते. घरातली साखर मात्र नजरेआड कर. बाबा चोर आहेत, हे मला तुझ्याआधीपासून माहीत आहे.

आईला नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नका.

तुझी ताई

ता. १५, शुक्रवार

ती. ताईस सा. न. वि. वि.

भुकटी पोचली. पहिली बर्फी धरलीच नाही, चमच्याने खावी लागली. दुसरी धरली, पण जिभेवर गार लागत होती. बाबांनी चाखून विचारलं की ही खायची आहे की अंगाला लावायची. तिसऱ्या वेळी भुकटी बारीक वस्त्रगाळ करून घातली आणि जमली. आईला तर साखरेची नाही हे सांगावं लागलं. घरातला साखरेचा डबा मी शेजारच्या काकूंकडे ठेवून आलो. दुकानातलाही उचलला.

आता एक गोष्ट तुला म्हणून सांगतो, आईला कळवू नकोस. बाबांचा सदरा धुवायला घेतला तर खिशात साखरेच्या गोळ्या निघाल्या, कागदात गुंडाळलेल्या, लिमलेटच्या असतात तशा. घरात आम्ही तिघं बिनसाखरेचा चहा पितो, आणि हे खिशात गोळ्या घेऊन फिरतात. भांडावंसं वाटलं, पण भांडून ते कधी ऐकले आहेत? मग मी माझ्या पद्धतीने केलं. कागद न फाटता सोडवले, गोळ्या फेकल्या, तेवढ्याच आकाराच्या बर्फीच्या वड्या कापून त्याच कागदांत तसाच पीळ घालून बांधल्या आणि खिशात परत ठेवल्या. हातात घेतल्या तर तुलाही फरक कळणार नाही. खायची हौस फिटेल आणि बाधणारही नाही. कितीतरी दिवसांनी मला नीट झोप लागली.

तुझ्या उत्तराची वाट बघतो.

तुझा धाकटा भाऊ

ता. १९, मंगळवार

चि. भावास आशीर्वाद.

पत्र आत्ता मिळालं. बाकी काही वाचत बसू नकोस. त्या गोळ्या आजच्या आज बाबांच्या खिशात परत ठेव. खऱ्या साखरेच्या.

तुझं पत्र मी इथल्या भांडारवाल्या मावशींना हसत हसत वाचून दाखवत होते. त्याही सुई घेतात. त्या हसल्या नाहीत. त्यांनी कमरेची पिशवी काढून मला दाखवली, आत साखरेच्या पुड्या होत्या. सुई घेणाऱ्याचं जेवण लांबलं, काम जास्त झालं, तर साखर एकदम खाली उतरते. हात थरथरतात, घाम सुटतो, माणूस भलतंच बोलायला लागतो. तेव्हा ताबडतोब साखर पोटात गेली नाही तर माणूस हातचा जातो, असं त्या म्हणाल्या. आपली बर्फी तिथे मातीइतकीच कामाची.

नजरेआड करायला मीच सांगितलं होतं. आपल्या दुकानासमोरच्या किराणावाल्याकडे सकाळपासून फोन लावते आहे, घंटा वाजते, उचलत कोणी नाही. म्हणून हे जलद टपालाने पाठवते. मिळताच कळव.

ताई

ता. १९, मंगळवार

ती. ताईस सा. न. वि. वि.

बाबा आता बरे आहेत, हे आधी लिहितो. सलाईन लावलं आहे, शुद्धीवर आहेत. इस्पितळातल्या बाकावर बसून हे लिहितो आहे. अक्षर खराब आहे.

काल कोटाची घाई होती म्हणून बाबांनी जेवण पुढे ढकललं. मी मागे मशीनवर होतो. पुढे आलो तर ते एकच बाही पुन्हा पुन्हा मोजत होते आणि माझ्याकडे बघून काकांच्या नावाने हाक मारत होते. कापायच्या फळीवर ते कागद पडले होते, सगळे सोडवलेले. ताई, ते बघून मला आधी बरं वाटलं. बर्फीच खाल्ली आहे, बाधणार नाही, असं मनात आलं. तेवढा वेळ मी नुसता उभा राहिलो. मग त्यांच्या हातातली कात्री पडली आणि ते फळीला धरून खाली बसले.

मी साखर शोधली. दुकानात कण नव्हता. तो मीच नाहीसा केला होता. ओरडलो तेव्हा शेजारचा चहावाला धावत आला. त्याने बाबांकडे एकदाच बघितलं, परत पळाला आणि वाटीत साखर घेऊन आला. जराशी ओली करून बोटाने त्यांच्या गालात आतून चोळली, मान एका बाजूला वळवून धरून. मला म्हणाला, रिक्षा बोलाव, बघत काय बसलास. रिक्षात त्याने सांगितलं की पूर्वीही असं झालं आहे, बाबा त्याच्याकडे येऊन गोड चहा पितात. घरी सांगितलं तर पोरगा हातातली कात्री काढून घेईल, असं त्याला म्हणाले होते.

खरं आहे. मी घेतली असती.

आई माझ्या पाठीवर हात ठेवून बसली आहे. त्यापेक्षा रागावली असती तर बरं.

धाकटा

ता. २६, मंगळवार

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं जलद टपाल बाबांना घरी आणलं त्या दिवशी आलं. मी ते त्यांना वाचून दाखवलं. तू स्वतःला दोष दिला आहेस, त्यावर बाबांनी सांगितलं आहे की दोष वाटून घ्यायचाच असेल तर मोठा तुकडा त्यांचा, कारण वयाने तेच मोठे.

सण झाला. बर्फी मी करणार नव्हतो, हात लावायची इच्छा नव्हती. बाबांनीच करायला लावली. पाहुण्यांसमोर खाल्ली आणि सगळ्यांना सांगितलं की ही दिसते गोड, पण वेळेला कामाला येत नाही, अगदी आपल्या जावयांसारखी. भावोजींना हे कळवू नकोस. मी हसलो नाही. कढईसमोर उभा होतो तेव्हाही माझं लक्ष त्यांच्या कपाळाकडे होतं. भीती गेलेली नाही, ताई. आधी मला साखर वाढण्याची भीती होती, आता दोन्हीकडची आहे.

रक्त तपासायचं यंत्र बाबा आजवर मोरीत नेऊन, दार लावून वापरायचे. काल जेवणाआधी ते माझ्या शेजारी येऊन बसले, यंत्र माझ्या पुढ्यात ठेवलं आणि बोट पुढे केलं. म्हणाले, टोच. मला जमेना. आयुष्यभर सुई हातात आहे, पण ती अशी कधी धरली नव्हती. ते घाई न करता बसून राहिले. त्यांचा हात अगदी स्थिर होता.

शेवटी टोचलं. आकडा बरा आला. लगेच आईने ताट वाढलं.

आम्हा तिघांना तुझ्या मायेत धरून ठेव, आणि सुट्टी मिळाली की ये.

तुझा धाकटा भाऊ