चक्कीची खोली

बाबा, त्या दिवशी सकाळी देवापुढे दिवा लावला आणि हात न जोडताच मी बाहेर आलो. दारात मिस्त्री उभा होता. समोरच्या खोलीचं शटर काढून तिथे भिंत आणि खिडकी करायची, असं मीच त्याला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी घराची किंमत काढणारा इंजिनियर फोटो घ्यायला येणार होता.

तुम्ही ज्याला ती खोली भाड्याने दिली होती, त्याची पिठाची चक्की तुमच्या मागेही गेल्या दिवाळीपर्यंत चालली. आता घर विकायला काढलं, कारण तुमच्या सुनेला जिना चढवत नाही. सीएबाईंनी समजावलं होतं की राहतं घर विकून झालेला नफा दुसऱ्या घरात घातला तर त्यावर कर नाही. एखादी खोली कुणाला राहायला दिली असली तरी चालतं. पण दुकान असेल, तर तेवढ्या भागाला ही सूट नाही. "दुकान नव्हतं ना?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. भाडं मी दरवर्षी दाखवत आलो, पण ते चक्कीचं असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. तो कर भरला, तर लिफ्टवाला फ्लॅट हातचा जाणार होता. त्या दिवसापासून फोन वाजला तरी मी आधी नंबर निरखून पाही.

ही भीती मी तुमच्याजवळच शिकलो. अजून दिसतं मला. गल्लीत नगरपालिकेचा कुणी साहेब शिरला आहे, तो दुकानाची घरपट्टी लावेल म्हणून तुम्ही घाईने शटर खाली ओढता आणि त्यावर आईचं ओलं लुगडं टाकता. आत चक्की धडधडतेच आहे. आई म्हणते, "आवाजाले बी लुगडं नेसवता काय?" गल्ली हसते. तुम्ही हसत नाही, आणि संध्याकाळी जेवतही नाही. साहेब शेजारचा नळ पाहायला आलेला असतो.

मिस्त्रीने शटरवर हात फिरवला. "भाऊ, घर तं इकून राहिले ना तुम्ही? मंग भिंत काहून?"

मी त्याला खिडकीचं माप सांगायला लागलो.

"बांधून देतो, मले काय. पण लोक पत्ता तं चक्कीवालं घर असाच सांगतीन."

त्याला चहा पाजला, दिवसाची मजुरी दिली आणि परत पाठवलं. हिला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. तिने परात बाजूला सारली. मग म्हणाली, "तळमजल्यावरचं लहान पाहू. निदान झोप तं येईन तुमाले."

सीएबाईंपुढे जाऊन चक्की होती हे कबूल केलं. खोली चक्कीला कुणी दिली, असं त्यांनी विचारलं. तुमचं नाव घेताना, बाबा, मी दाराकडे पाहिलं, तुम्ही ऐकता की काय म्हणून. हे तुम्हाला कळवायला आता पत्ताही नाही, आणि खरं सांगू, त्याने थोडं बरंच वाटतं. घर विकलं गेलं, आणि त्या खोलीपुरता कर काल भरला.