दोन हिसके

पुन्नैकायल

प्रिय अरुळ,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसतो आणि तसाच उठतो. इकडे सगळे बरे आहेत. वारा पडलाय, होड्या पुन्हा शंख काढायला जाऊ लागल्यात. मी जात नाही. जाळी विणतो.

तुझ्या नवऱ्याबद्दल, अमलदासबद्दल लोक अजून बोलतात. पांड्य राजाचं बुडालेलं नगर त्याला सापडलं, मोत्यांनी मढवलेल्या दारातून तो आत गेला, असं म्हातारे सांगतात. तूही पोरीला हेच सांगत आलीस. मी कधी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

काहीतरी दिसलं होतं त्याला, हे खरं. त्या शेवटच्या सकाळी बुडी मारून वर आला आणि म्हणाला, "खाली दगडी चौकट आहे. उंबऱ्यावर वाळूचा कण नाही, कुणी आत्ताच झाडल्यासारखा." नाकातून रक्त येत होतं त्याच्या. मी म्हटलं, आज पुरे. तर हसला. "राजाच्या दारापर्यंत जाऊन शंख वेचत परत येऊ? तू दोर धर, भित्र्या."

दोन हिसके म्हणजे वर ओढ, हे तुला ठाऊकच आहे. त्या दिवशी आधी दोनदा त्याने उगाच हिसके दिले होते. मी घाबरून ओढायचो आणि हा वर येऊन खिदळायचा. तिसऱ्यांदा हिसके बसले तेव्हा मला राग आला. म्हटलं, थांब जरा आता. वीसपर्यंत मोजलं, मग ओढलं. दोर हलकाच वर आला.

तो तुटला नव्हता, अरुळ. खडकात अडकून तुटला असं तुला सांगता यावं म्हणून मी होडीतच त्याचं टोक सुरीने कापलं. वर आला तेव्हा कमरेच्या गाठीचा पीळ दोराला तसाच होता, गाठ तेवढी हाताने सोडलेली. आत जायला दोर पुरेना म्हणून त्याने ती सोडली, की मी ओढत नाही हे कळल्यावर? अकरा वर्षं झाली. प्रार्थनेला मेणबत्ती धरतो, तरी हाताला ओढ लागते.

पोरीचं लग्न पाणबुड्याशी ठरल्याचं तू लिहिलंस. आपल्यात दोर बायकोच्या भावाने धरायचा, आणि तिला भाऊ नाही. "अण्णा, जावयाचा दोर तूच धर, तुझ्याइतका भरवसा मला कुणाचाच नाही," ही तुझी ओळ वाचली आणि गप्प राहणं जमेना. हे पत्र पोरीलाही वाचून दाखव. मग दोर कुणाच्या हाती द्यायचा ते तुम्ही दोघी ठरवा.

कसाही असलो तरी तुझाच,
सवरी अण्णा