शिट्टी वाजली की थांबायचं असतं

ती. आत्यास साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द इथे अक्षरशः घ्यावा. या महिन्यात मी मैदानावर नऊ वेळा पालथी पडले, त्यातली एक खेप तुझ्या पायांशी समज.) तुझा गुडघा कसा आहे? शिलाई मशीनला मोटर बसवून घे असं मी मागेच म्हटलं होतं. पायाने मशीन चालवून गुडघा झिजवायचा आणि मग त्यालाच तेल चोळत बसायचं, यात शहाणपण नाही. घरची मंडळी खुशाल आहेत असं धरून चालते, कारण काही बिघडलं असतं तर आईचे दिवसाला सहा फोन आले असते, सध्या चारच येतात.

माझं उत्तम चाललं आहे. तीन वर्षं शंभर मीटरची विजेती असलेली तुझी भाची आता फुटबॉल खेळते, आणि तेही हौसेखातर नाही, क्लबशी करार करून, पाठीवर सात नंबर लावून. का, असं तू विचारशीलच. आत्या, धावण्यात मला काही कमी नव्हतं. पण वर्षभर राबायचं आणि काम साडेअकरा सेकंदांचं. तेवढ्यात बोलायला कुणी नाही, भांडायला कुणी नाही, आणि जिंकून मागे वळून बघावं तर बाकीच्या सात जणींपैकी एकही आनंदात नसते. मला माणसं हवी होती. ती मिळाली. दहाच्या दहा जणी मला रोज बोल लावतात.

पहिल्या दिवशी वाटलं, बावीस जणींत सगळ्यात वेगाने मीच पळते म्हटल्यावर प्रश्न उरलाच कुठे. प्रश्न बॉलचा उरला. मी गोलपाशी पोचायचे आणि बॉल मैदानाच्या मध्यावर माझी वाट बघत असायचा. शिवाय शंभर मीटर पळणाऱ्याला वळणं ठाऊक नसतं. एकदा वळायचं राहिलं ते थेट राखीव खेळाडूंच्या बाकावर जाऊन बसले, आणि बाक समोरच्या संघाचा निघाला. (त्यांनी पाणी दिलं. चांगल्या घरच्या मुली होत्या.) पुढची गोष्ट जरा नाजूक आहे. मोठा आवाज झाला की माझे पाय सुटतात. शर्यत सुरू करणाऱ्या पिस्तुलाची दहा वर्षांची सवय, ते मला विचारत बसत नाहीत. फुटबॉलमध्ये शिट्टी वाजली की थांबायचं असतं. एकवीस जणी थांबायच्या आणि मी निघायचे. प्रेक्षकांना ते फार आवडायचं, पंचांना नाही. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ऑफसाइड. आपल्या संघातल्या मुलीने बॉल मारायच्या आधीच तू समोरच्यांच्या बचावाच्या पुढे पळालीस, तर तो गुन्हा. जिला जन्मभर पुढे हो, पुढे हो म्हणून वाढवलं तिला पुढे गेल्याची शिक्षा. एका सामन्यात मी अकरा वेळा ऑफसाइड झाले. मध्यंतरानंतर झेंडेवाल्या पंचाने झेंडा डाव्या हातात घेतला, उजवा खांदा भरून आला होता म्हणे.

त्या संध्याकाळी कोचबाईंनी मला बूट ठेवायच्या खोलीत बोलावलं. त्या मोजकं बोलतात. "शनिवारी तुला शेवटची संधी. त्यात काही दिसलं नाही तर पुढचा मोसम तू घरी." मी बरं म्हटलं आणि बाहेर पायरीवर लेस बांधत बसले. वीस मिनिटं, एकाच बुटाची.

तिथे आमची गोलकीपर आली. तिला सगळे कुलूप म्हणतात. वय छत्तीस, दोन मुलांची आई, आवाज असा की समोरच्या संघाचा कोचसुद्धा सावधान उभा राहतो. माझा दुसरा बूट मांडीवर घेऊन तिने त्याची लेस बांधली आणि म्हणाली, "तुला पळायला सगळ्यांनी शिकवलं गं, थांबायला कुणी शिकवलं नाही. उद्या सकाळी लवकर ये." मग रोज सकाळी ती बॉल मारायची आणि 'गेला' असं ओरडेपर्यंत मी जागचं हलायचं नाही. अर्धा सेकंद फक्त. ऐकायला सोपं वाटतं. तू उतू जाणाऱ्या दुधाकडे अर्धा सेकंद नुसतं बघत उभी राहून दाखव.

शनिवारी दहा मिनिटं उरली होती, गोल कुणाचाच नव्हता, तेव्हा मला उतरवलं. दोनदा पळाले, दोन्हीदा झेंडा. तिसऱ्यांदा कुलपाने बॉल हातात घेऊन लांबून माझ्याकडे पाहिलं. माझे पाय निघायला बघत होते, पण मी थांबले. तिने लाथ मारली, 'गेला' हे अख्ख्या मैदानाला ऐकू आलं, आणि मी सुटले. पळण्याचं नीट सांगता येणार नाही, कारण ते मला आपोआप येतं. बॉल टप्पा खाऊन माझ्या नडगीवर आपटला आणि गोलमध्ये गेला. (पावलाने मारायचा विचार होता.) त्याच्यामागे मीही आत गेले आणि जाळ्यात अडकले, दोन्ही हात, एक पाय आणि वेणी. सोडवायला आलेल्या सगळ्या माझ्यावरच पडल्या. कुणाचं तरी कोपर माझ्या कानात होतं. पण आत्या, इतक्या जणी आनंदात, आणि त्यातली एकही माझ्याकडून हरलेली नाही. मी रडले. घाम आहे म्हणून सांगितलं.

कोचबाई म्हणाल्या, "नडगीने मारलास."

"नडगी माझीच आहे," मी म्हटलं.

त्या हसल्या असं कुलूप म्हणते. मला दिसलं नाही, पण पुढचा मोसम मी इथेच आहे.

मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना पाठीत एकेक धपका.

तुझी भाची

ता. क. बाबांना यातलं काहीच माहीत नाही. मी अजून शर्यतीच पळते असं ते समजतात. ज्या माणसाने सात वर्षं सायकलवरून माझ्यामागे येऊन मला पळवलं, त्याला कोणत्या तोंडाने सांगू? ते फक्त तुझं ऐकतात. तू सांग. पत्र त्यासाठीच लिहिलं. गुडघ्याची चौकशी खरी आहे, पण हे जास्त खरं.

ता. क. २. पाकीट चिकटवायच्या आधीच मैदानाचा दारवान भेटला. म्हणाला, तुमचे वडील दर सामन्याला तीन तास बसने येतात, शेवटच्या रांगेत बसतात, 'सात नंबर आमची' म्हणून शेजाऱ्यांना सांगतात आणि झेंडा वर गेला की पंचांचा उद्धार करतात. मला कळू द्यायचं नाही अशी बाबांनी त्याला शपथ घातली आहे, 'तिला वाटतं मला माहीत नाही, तसंच राहू दे' म्हणून. तेव्हा तू बाबांना काही सांगू नकोस. फक्त शेवटच्या रांगेत ऊन लागतं, मधल्या रांगांवर छप्पर आहे, एवढं बोलता बोलता सुचव. तुला कसं ठाऊक असं त्यांनी विचारलं, तर माझं नाव घेऊ नकोस.