बिनकाचेचे चष्मे

६ एप्रिल
ठकीचा फोन. वॉर्डात सिस्टर अकरा आणि चेहऱ्यावर घ्यायच्या ढाली चार! "पुसून पुसून आलटूनपालटून घालतो, बाबा." एवढं सहज सांगते कार्टी. जेवण तसंच टाकलं. हिनं ताट उचललं.

७ एप्रिल
टाळेबंदीत माझं चष्म्याचं दुकान बंद, पण किल्ली माझ्याकडेच आहे ना. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं स्पायरल वह्यांना लावतात तसलं पारदर्शक प्लास्टिक दिलं. मोडीत काढायच्या फ्रेमा दोन खोके भरून होत्या — हिच्या भाषेत "तुमचा उकिरडा". एकीच्या काचा काढून प्लास्टिक बसवलं. काड्या गरम करून ठकीच्या कानांच्या बेतानं वाकवल्या. तिचा डावा कान जरा खाली आहे, हे आईलाही माहीत नाही.

९ एप्रिल
फजिती. पाच मिनिटांत आतून वाफ धरली. ठकी पेशंटला सुई टोचायला गेली तर शीरच दिसेना. "बाबा, तुम्ही चष्मा केलात. मला ढाल हवी होती."

चूक माझीच. तीस वर्षं काच डोळ्याजवळ आणत आलो, हात आपोआप तिथंच गेला. श्वासाला जागा नको? एवढी साधी अक्कल नाही.

१० एप्रिल
प्लास्टिक आता दोन्ही बाजूंना काड्यांना अडकवलं — समोर कमान होते, नाक मोकळं राहतं. कपाळाशी स्पंजाची पट्टी. स्पंज सोफ्याच्या उशीतला, न विचारता घेतलेला. मग हिलाच ढाल घालून तासभर भाजी निवडायला बसवलं.

"कशी दिसते हो मी?"

"वेल्डरसारखी."

तरी उतरवली नाही तिनं. वाफही धरली नाही. किती दिवसांनी हसलो दोघं. उशीचं तिला अजून कळलेलं नाही.

१२ एप्रिल
उशीचं कळलं.

१३ एप्रिल
ठकीनं दोऱ्यानं सगळ्यांची डोकी मोजून फोनवर मापं सांगितली. मोठ्या सिस्टरांचं माप सांगताना आवाज बारीक केला. ही कापते, मी बसवतो. दुसरी उशीही तिनं आपणहून फाडली.

१५ एप्रिल
सहा ढाली पोचल्या. पहिली ठकीनं झाडलोट करणाऱ्या मावशींना दिली — मावशी आमच्या यादीतच नव्हत्या! स्वतः म्हणे शेवटी घेणार. फोनवर खूप ओरडलो. ठेवल्यावर रडू आलं. अशीच आहे ती, लहानपणापासून.

१८ एप्रिल
मावशींसकट बाराही पोचल्या. शेवटची ठकीची. आज झोप लागेल.

२३ एप्रिल
वॉर्डातून लिहितोय. खाट सहा. चार दिवस खोकला होता, पण इथं लिहिला नाही — ही चोरून वाचते. ती घरी आहे, बरी आहे.

दुपारी ठकीची ड्यूटी लागली. आमची ढाल लावून ती माझ्याकडे येताना दिसली तसं मी हातानं खुणावलं, लांब थांब. तिनं स्टूल ओढलं, माझ्या उशाशी बसली आणि माझा हात हातात घेतला.

"आता येता येतं जवळ, बाबा."