नववी पाटी

रविवार, ८ सप्टेंबर

पाच गोळ्या, पाचही फुकट! वारा पश्चिमेचा – मध्येच मेल्यासारखा पडायचा, मध्येच उसळायचा. सूनबाई जनेल मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून सांगत होती, "बाबा, ही हातभर डावीकडे… ही खाली, धूळ उडाली… अहो, ही गेली कुठे? ही बहुतेक कॅनडात!" हसून हसून माझा खांदाच हलायला लागला. मग कसला नेम आणि कसलं काय.

अकरा वर्षं झाली नेमबाजीच्या मैदानावरच्या या नवव्या लोखंडी पाटीच्या मागे लागून. आधीच्या आठ मी कधीही वाजवून दाखवीन. नववी मात्र पाचशे यार्डांवर, कोरड्या ओढ्याच्या पार पलीकडे. मोठ्या रायफलवाल्यांना तिचं काही नाही. पण आमच्या छोट्या पॉइंट टू-टू रायफलीची गोळी ती केवढी – वाटाण्याएवढी! तिला पोचायलाच दोन सेकंद लागतात, आणि तेवढ्यात वारा तिचं काय वाट्टेल ते करतो. क्लबातल्या लाकडी फळीवर आजवर सहा नावं चढली. सातवं माझं असावं, बस्स. फार हाव नाही मला.

परतताना जनेलने थर्मासमधली कॉफी दिली. गाडीतला माझा पट्टासुद्धा तिनेच लावला. ब्रेंट तिला सोडून अलास्कात निघून गेला त्याला चार वर्षं झाली. मुलगा माझा, पण काय बोलू! तिला आता माझ्याकडे यायचं काही कारण उरलेलं नाही. तरी दर रविवारी आठच्या ठोक्याला दारात हॉर्न वाजतो. देवा, आभार.

मंगळवार, १७ सप्टेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरणीकडे जाऊन आलो. डाव्या डोळ्याच्या मधोमध डाग होताच, आता उजव्यातही आलाय. "वसंतापर्यंत वाचन जड जाईल, मिस्टर टॉलेफसन." मी विचारलं, आणि नेमबाजी? तिला वाटलं मी थट्टा करतोय.

म्हणजे हाच मोसम. बर्फ पडेपर्यंत फार तर पाच रविवार.

आता जाड काळ्या पेनने लिहितो. पानावर दहा ओळी मावतात. बरंच आहे, बडबड कमी होईल.

गुरुवार, १९ सप्टेंबर

बडबड कमी कुठली!

माझ्या रायफलीला कारखान्याच्या एकाच खेपेची काडतुसं मानवतात. दुसरी कुठलीही दिली की रुसते, गोळ्या चहूकडे फेकते. त्या खेपेचा एकच डबा उरलाय आणि ती खेप दुकानातून केव्हाच संपली. हे मी मागच्या रविवारी नुसतं बोललो होतो. आज क्लबातला वेंडेल आला आणि त्याने तस्साच एक डबा टेबलावर आपटला.

"घे, पंचसाहेब! माझ्या रायफलीलाही हीच आवडतात. पण तुला जास्त लागणार. नेम कुठेय तुला!"

हा वेंडेल! सात वर्षांपूर्वी त्याने शपथ घेऊन सांगितलं होतं की नववी पाटी वाजली, कानाने ऐकली. मैदानाचा पंच मी. मैदानावरची छोटी चारचाकी घेऊन पाटीपर्यंत गेलो, पांढऱ्या रंगावर शिशाची करडी खूण कुठेच नाही, पाटी कोरी. खूण नाही तर नाव नाही, म्हणालो. त्याच्या बायकोसमोर म्हणालो. तेव्हापासून तो मला पंचसाहेब म्हणतो, आणि तोच आज स्वतःच्या कपाटातली काडतुसं देऊन गेला. दार लावल्यावर बराच वेळ डबा हातात धरून बसलो.

रविवार, २२ सप्टेंबर

पाऊस. मैदान बंद. हॉर्न तरीही वाजला! जनेलने पॅनकेक केले, मी सहा खाल्ले.

रविवार, २९ सप्टेंबर

सात गोळ्या. शेवटची पाटीच्या अगदी कडेजवळून गेली, जनेल म्हणाली. "एक बोट, बाबा! एकच बोट!"

मला आता पाटी म्हणजे नुसता पांढरा ठिपका दिसतो, तोही हललेला. गोळी कुठे पडली ते तर दिसतच नाही, आणि पाटी वाजली तरी मला ऐकू येणार नाही. वारा, धूळ, सगळं तीच सांगते. पहिल्या वर्षी तिला झळ म्हणजे काय हेसुद्धा ठाऊक नव्हतं. आता दुर्बिणीतून उन्हाची झळ कुठे सरकतेय ते बघते आणि म्हणते, "थांबा… थांबा… आत्ता!" वृद्धाश्रमात दिवसभर म्हाताऱ्यांना उचलून-बसवून तिची पाठ गेलीय, तरी रविवारी सकाळी ती माझ्या शेजारी गवतात पालथी पडलेली असते. कुणाच्या नशिबी असतं असं?

निघताना म्हणाली, "तुमचं नाव चढलं की मी झोपा काढणार आहे रविवारी." मी म्हणालो, मग मी मुद्दामच चुकवीन.

शनिवार, ५ ऑक्टोबर

वेंडेलचा डबा फोडला. उद्या थंडी, ऊन, वारा कमी – रेडिओवाला म्हणतोय. बघू या.

रविवार, ६ ऑक्टोबर

लागली!!!

अक्षर कसंही येवो. सव्वाअकरा वाजले होते. चौथी गोळी. वारा डावीकडून, अगदी संथ. वाऱ्यासाठी मी रायफलीवरच्या दुर्बिणीचे तीन खटके फिरवले होते. जनेल म्हणाली, "अजून एक द्या, बाबा." दिला. "थांबा… थांबा… आत्ता." चाप ओढला. मग ते दोन सेकंद. मला काहीच दिसलं नाही, काहीच ऐकू आलं नाही. आणि शेजारी जनेल किंचाळली – "लागली! खूण दिसतेय! डावीकडे, खालच्या कडेला, करडी! बाबा, लागली!" आणि माझ्या पाठीवर येऊन आदळलीच. चष्मा गवतात.

वेंडेल मांस भाजायचं सोडून चिमटा हातात घेऊन धावत आला. "पंचसाहेब, आता तुझी खूण कोण तपासणार?" मी म्हणालो, तू तपास. तर म्हणतो, "जनेलचा डोळा तुझ्या-माझ्यापेक्षा बरा आहे!" आणि तिथल्या तिथे खडूने फळीवर नाव लिहिलं. आर्डन टॉलेफसन. रंगाने पुढच्या आठवड्यात लिहीन म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी रडलो. हो, रडलो, मग!

जनेलची ड्यूटी बाराला, ती पळाली. जाताना खिडकीतून बोट दाखवून म्हणाली, "चष्मा पुसा!" मी दोन सँडविच खाल्ले, सगळ्यांशी हात मिळवले, कुणाचे कुणाला कळेना. सगळे गेल्यावर नेहमीसारखी फेरी मारली – एक ते नऊ, पाट्यांना पांढरा रंग मारला, फाटकाला कुलूप लावलं. शीळ घालत होतो. त्या वाटेवरून चारचाकी डोळे मिटूनही नेईन. वेंडेलने परत येऊन घरी सोडलं.

अकरा वर्षं. आणि शेवटच्या उजेडात दिलंस, देवा. काय मागू आणखी? काही नाही. काहीसुद्धा नाही.

सोमवार, ७ ऑक्टोबर

दिवसभर उगाच हसतोय.

बुधवार, ९ ऑक्टोबर

आमच्यात रीत आहे – जो नववी वाजवतो त्याला ती पाटी घरी मिळते. वेंडेल आज सोडवून घेऊन आला, भिंतीला टेकवली, बिअर प्यायला, गेला.

मग मी खूण शोधायला बसलो. आधी भिंगाने. मग अंगठ्याने, डावीकडून, खालच्या कडेने, तसूतसू करून. काही नाही. उलटी करून पाहिली. काही नाही. सगळीकडे नुसता गुळगुळीत पांढरा रंग. शिशाचा डाग पावसानेही जात नाही, आणि रविवारनंतर पाऊस पडलेलाच नाही. वेंडेलला फोन केला – पाटी तीच ना? "तीच. नऊ आकडा मागे कोरलाय, बघ की!"

कोरलाय.

जेवलो नाही.

गुरुवार, १० ऑक्टोबर

जनेल संध्याकाळी चिकन-नूडल्सचं भांडं घेऊन आली. मी सरळ विचारलं. खूण खरंच दिसली होती का?

"दिसली. तेव्हाच ओरडले ना मी?"

"ही बघ पाटी. दाखव कुठेय ती."

तिने पाटी खिडकीशी नेली. वाकून बघितली, हात फिरवला. "नाहीये," म्हणाली. "पण होती, बाबा. मी पाहिली."

आणि मी म्हणालो – हे लिहायलाही लाज वाटते – मी म्हणालो, "म्हाताऱ्याची कीव आली असेल. समजू शकतो मी."

तिने पाटी पुन्हा भिंतीला टेकवली. मग अगदी हळू म्हणाली, "चार वर्षांत मी तुमच्याशी एकदा तरी खोटं बोलले? खोटं बोलणारं माणूस होतं तुमच्या घरात. पण ती मी नव्हते."

भांडं ओट्यावर ठेवलं. "वीस मिनिटं गरम करा," म्हणाली आणि गेली. गाडी सुरू व्हायला बराच वेळ लागला. मी दारापर्यंतही गेलो नाही. नियम म्हणजे नियम, हे मनात घोळवत बसलो होतो, गाढव!

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

वेंडेलला सांगितलं, माझं नाव पूस.

"डोकं फिरलंय का तुझं?"

खूण नाही तर नाव नाही. तुला लावला तोच नियम मला.

तो म्हणाला, "मला लावलास तेव्हा नुसतं माझंच नाक कापलं होतंस, आर्डन. आता जनेलचंही." आणि फोन ठेवला. पंचसाहेब म्हणाला नाही.

रविवार, १३ ऑक्टोबर

आठ वाजले. सव्वाआठ. साडेआठ. कोट घालून, रायफलीची पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो. हॉर्न नाही.

नऊला कोट काढला. तिचं चिकन अजून अर्धं उरलंय. फार चांगलं झालंय. चांगलं झालंय हे तिला सांगितलंच नाही मी.

दोनदा फोन हातात घेतला. काय सांगू? तू कीव केलीस म्हणून माफ केलं, असं? ते तर आणखी वाईट. तिने कीव केली असेल तरी काय बिघडलं, हाही विचार आला. एवढी वर्षं गवतात पालथी पडून राहणारी बाई – ती एकदा खोटं बोलली तर काय झालं! पण ती नाही म्हणतेय ना. ती म्हणतेय, होती.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

त्या दिवशी ती नेमकं काय म्हणाली ते पुन्हा वाचावंसं वाटलं. भिंग घेऊन ६ तारखेचं पान काढलं. लागली, करडी, चष्मा पुसा – सगळं वाचलं, हसूही आलं. मग खाली आलो. "नेहमीसारखी फेरी मारली – एक ते नऊ, पाट्यांना पांढरा रंग मारला."

माझंच अक्षर. माझाच हात. एक ते नऊ! शीळ घालत!

आता माझ्या रंगाखाली गेलेली ती खूण या जगात कुणालाच दिसायची नाही. जनेलने पाहिली होती. मग होती.

फोन नको, तोंडाने सांगायचंय. तिचं घर पावणेदोन मैल. वारा समोरून आहे. कोट घातलाय, पाटी काखेत घेतलीय, निघतो.