शांत बसायचे प्रकार

बाबा, तुमची नात गेली. ती जन्मायच्या आधीच तुम्ही गेलात, तिला पाहिलंच नव्हतं, म्हणून आधी हे सांगते. मागच्या हिवाळ्यात आदिलाबादच्या दवाखान्यात दम्यानं गेली. शेवटपर्यंत तिचा हात माझ्या हातात होता. तेव्हापासून जो तो मला शांत बसायला शिकवतोय. ऑफिसातली मैत्रीण एका मौनाच्या शिबिराला घेऊन गेली. तिथले गुरुजी म्हणाले, "कुछ मत कीजिए, बस साँस को देखिए." संध्याकाळपर्यंत बाकीच्यांचे चेहरे सैल झाले. मला मात्र आत येणारा प्रत्येक श्वास तिचाच वाटायचा, अडकत अडकत येणारा, आणि पुढचा येईल की नाही या भीतीनं मी घामाघूम व्हायचे. शिबिर अर्धं टाकून आले. मग शेजारच्या तेलुगू बाईंनी जप करायला सांगितलं. "अक्का, नाव घेत राहा, मन हलकं होते." नवरा गेल्यावर त्या स्वतः जपावरच उभ्या राहिल्या आहेत. जपानं मलाही झोप लागू लागली, खोटं कशाला सांगू. पण थोड्या वेळानं जीभ देवाचं नाव सोडून पोरीचं नाव घेऊ लागायची. मोबाइलवरच्या ध्यानाच्या ॲपमधली बाई गोड आवाजात सांगते, आवडती जागा डोळ्यांपुढे आणा. माझ्यापुढे दवाखान्यातली खाट येते.

मग तुम्ही आठवलात. आई गेली त्या वर्षीचं बेल्लमपल्लीचं क्वार्टर. तुम्ही खाणीतून येता, अंघोळ करता आणि अंगणात पाटावर डोळे मिटून बसता. मी परातीत पीठ घेऊन दारात उभी आहे. "बाबा, कोणाचं नाव घेऊन राह्यले?" "कोणाचंच नाई. नुसता बसून राह्यलो." "काऊन?" "उठलो का तुह्या मायचं काम दिसते." मग उठून तुम्हीच भाकरी थापल्या, जाडजूड, कडेला फाटलेल्या. बसून तुम्हाला बरं वाटायचं का, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं, तर सांगायला कोणी नाही.

काल सकाळी तुमच्यासारखं नुसतं बसून पाहिलं. कापसाच्या गाड्या बाजाराकडे चालल्या होत्या, तेवढाच आवाज. थोडा वेळ डोकं खरंच रिकामं झालं. छातीवरचं ओझंही उतरलं. आणि तेवढ्या वेळात ती कुठंच नव्हती. लक्षात आलं तशी दचकून उठले, तिचा फोटो हातात घेऊन भिंतीला टेकून बसले. लोक विचारतात, यातलं कशानं बरं वाटलं? मी म्हणते, कशानंच नाही. हा कागद काही पोस्टात टाकायचा नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. मला बरं वाटायला नको आहे, बाबा.