ठरलेली सतरा गाणी

पोलादपूर
६ जानेवारी २०२५

चि. मानसीस,
काकाचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्र पाहून हसशील. फोनवर तू नुसतं हो-हो म्हणतेस आणि माझं बोलणं अर्ध्यात राहतं, म्हणून कागद घेतला.

तुझ्या बँडचे तीन कार्यक्रम पाहिले. पुण्याला ऊर भरून आला. ठाण्याला पुढचं गाणं आधीच ओळखू लागलो. कोल्हापुरात तर तुझा विनोदही ओळखला. तीच सतरा गाणी, त्याच क्रमाने. नवव्या गाण्याआधी तू पाणी पितेस, तेसुद्धा ठरलेलं.

कोल्हापुरात शेजारी सव गावची पूनम होती. महाडला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. तिचा हा पाचवा कार्यक्रम. पुठ्ठ्यावर ‘कातळफुलं’ लिहून उभी होती. तुमचं पहिल्या वर्षातलं गाणं. तू पुठ्ठा वाचलास, हसलीस आणि ठरलेलं गाणं सुरू केलंस. तिने हात खाली घेतला, ते मला बघवलं नाही. इतक्या लांबून येणाऱ्यासाठी एक गाणं बदललं तर काय बिघडतं गं?

काकूने पोह्याचे पापड ठेवलेत. ते संपायच्या आत ये.

तुझा,
दत्तारामकाका

पुणे
१९ जानेवारी २०२५

ती. स्व. दत्तारामकाकांस,
मानसीचा सविनय जयभीम.

वि. वि. पत्र दोनदा वाचलं. काका, आमच्याकडे येणाऱ्या हजारांतले नऊशे पहिल्यांदाच आलेले असतात. त्यांना शेवटचं ‘रिकामा थांबा’ ऐकायचंच असतं. त्यांनी काय पाप केलंय? आणि तुमची भीमगीतांची गायन पार्टी तरी? चवदार तळ्यावर दर मार्चला स्वागतगीतापासून निरोपापर्यंत तीच गाणी. स्टेजच्या कडेला बसून मी ती पाठ केली. पुढे गायला लागले ते त्यामुळेच.

पण खरं कारण वेगळं आहे. मागच्या वर्षी नाशिकला आम्ही आयत्या वेळी गाणं बदललं. आमचा ड्रमर चंदन तालात चुकला, गाणं मध्येच बंद पडलं. कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला आणि लोकांनी त्याची टर उडवली. चंदन दोन महिने तालमीला आला नाही. परत आला तो एकाच अटीवर, की यादी बदलायची नाही. तो गेला तर बँड उरत नाही. आता पूनमला काय सांगू, तुम्हीच कळवा.

काकूंना नमस्कार. पापड लपवून ठेवा.

तुमची,
मानसी

पोलादपूर
२ फेब्रुवारी २०२५

चि. मानसीस,
अनेक आशीर्वाद.

वि. वि. टोमणा बरोबर बसला. आमची यादी बदलत नसे. त्याचंच एक सांगतो, आजवर घरी कुणाला सांगितलेलं नाही.

प्रयागबाई म्हणून एक बाई वरच्या वाडीतून आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला चालत यायची. सात-आठ वर्षं. पुढ्यात बसून आमच्या आधी ओठ हलवायची. ती दिसली की मला गायला हुरूप यायचा. एका वर्षी आली नाही. आजारी असेल म्हणून मी वाडीवर गेलो, तर बाई धडधाकट, नाचणी पाखडत होती. काय चुकलं, असं विचारलं. म्हणाली, “चुकलं काय नाय, दत्तारामा. पुढं काय येनार ते मला ठाऊक हाय. घरी बसूनच म्हनते.”

मी चार नवी गाणी बसवली. निरोपही धाडला. ती पुन्हा आली नाही. अजून एखाद्या कार्यक्रमात पुढच्या रांगेत नजर जाते.

चंदनची भीती खोटी नाही. त्याला न विचारता काही करू नकोस. हे पत्र मात्र त्याला वाचून दाखव. सोळाला महाडला तुमचा कार्यक्रम आहे, मी येतोच.

तुझा,
काका

पुणे
२४ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. काकांस,
सविनय जयभीम.

वि. वि. तुमचं पत्र चंदनला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तो तासभर आधी तालमीला आला आणि एकटाच ‘कातळफुलं’ वाजवत बसला. महाडला तुम्ही पाहिलंतच. तो पुन्हा चुकला, थांबला, लोकांसमोर मान हलवली आणि पहिल्यापासून सुरू केलं. निम्म्या लोकांना गाणं ठाऊकच नव्हतं. पूनम मात्र शब्दन्‌शब्द म्हणत होती.

तुम्ही शेवटची एसटी गाठायला निघालात, म्हणून पुढचं तुम्हाला कळलं नाही. गाणं पहिल्यापासून घेण्यात वेळ गेला, हॉल बंद करायची वेळ झाली आणि ‘रिकामा थांबा’ राहून गेलं. दारात पूनम भेटली. फार खूश होती. पण सोबत तिची आई होती, काशीबाई. अशा कार्यक्रमाला पहिल्यांदाच आलेल्या, आणि मुलीच्या मोबाइलवर ऐकलेलं तेवढं एकच गाणं त्यांच्या आवडीचं. हे पूनमने ओशाळून सांगितलं. काशीबाई नुसत्या पदर सारखा करत राहिल्या. मला चोरट्यासारखं झालं.

सकाळी चंदननेच गाडी सवला वळवायला लावली. काशीबाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत होत्या. मी गिटार काढली, त्याने घमेलं उपडं घातलं, आणि आम्ही ‘रिकामा थांबा’ म्हटलं. काशीबाईंचे हात शेंगांवर तसेच थांबले. संपल्यावर मी विचारलं, झालं ना मनासारखं? त्या म्हणाल्या, “काल त्या आवाजात बाकीच्या गान्यांचं शबूद कळलं नायत. आता पयल्या गान्यापासून म्हन गो. ठरल्याप्रमानं.”

चंदनने माझ्याकडे पाहिलं, घमेलं जवळ ओढलं आणि पहिल्या गाण्याचा ताल धरला. आम्ही क्रम न मोडता सगळी गाणी म्हटली. जेवणं तिथेच झाली.

टोमण्यांसकट माया असू द्या.

तुमची,
मानसी